दहा ओळींच्या स्क्रिप्टला पॅकेजिंग म्हणू नका

प्रोग्रामर मंडळींत एक दावा सतत पुढे पाठवला जातो. तो थोडक्यात असा: 'पॅकेजिंग म्हणजे शेवटी फायली एका फोल्डरमध्ये कॉपी करून टार किंवा झिप करणं. दहा ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते. डिपेन्डन्सी (प्रोग्रामला लागणाऱ्या इतर लायब्ररी) हातानं लिहिता येतात. टार आज बनवा की उद्या, आत फायली त्याच. आणि कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला डबा) आल्यापासून तर हा विषयच संपला. बिल्ड सिस्टीममध्ये (सोर्सपासून प्रोग्राम बनवणाऱ्या साधनात) पॅकेजिंगचं वेगळं मॉड्यूल ही नसती उठाठेव आहे.'

हे वाचून नवे लोक खरंच तसं करतात आणि त्याचा त्रास त्यांच्या वापरकर्त्यांना होतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'फायली कॉपी करणं.' पण कोणत्या फायली? स्क्रिप्टला फक्त डिस्क दिसते. बिल्ड फोल्डरमध्ये मागच्या बिल्डचा गाळ असतो, चाचण्यांपुरत्या लायब्ररी असतात, नाव बदललेल्या फायलींच्या जुन्या प्रती असतात. 'या नमुन्यात बसणारं सगळं उचल' म्हटलं की हेही पॅकेजमध्ये जातं. कोणती फाईल कोणत्या टार्गेटमधून (बिल्डनं बनवायच्या प्रोग्राम किंवा लायब्ररीतून) आली, कोणती वापरकर्त्यासाठी आणि कोणती हेडरसारखी फक्त डेव्हलपरसाठी, हे बिल्ड सिस्टीमला आधीच ठाऊक असतं. सीमेक या बिल्ड सिस्टीममध्ये इन्स्टॉलचे नियम एकदाच लिहायचे, आणि सोबत येणारं सीपॅक त्याच नियमांवरून डेब, आरपीएम (लिनक्सचे दोन पॅकेज फॉरमॅट) किंवा विंडोजचा इन्स्टॉलर बनवतं. माझा सगळा आग्रह इथेच आहे: जी माहिती बिल्डच्या वेळी हातात होती ती फेकून देऊन पुन्हा टाईप करू नका.

कॉपीतली दुसरी गफलत पटकन दिसत नाही. प्रोग्राम शेवटी जिथे राहणार तो 'प्रीफिक्स', आणि पॅकेज बांधताना फायली तात्पुरत्या जिथे ठेवायच्या तो 'डेस्टडिर'. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाईत लिहिलेली स्क्रिप्ट तात्पुरतं फोल्डरच प्रीफिक्स म्हणून देते. मग तो मार्ग बायनरीत (तयार प्रोग्रामच्या फाईलमध्ये) कोरला जातो आणि वापरकर्त्याच्या मशीनवर प्रोग्राम आपली कॉन्फिग फाईल भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. आरपाथचंही (लायब्ररी कुठे शोधायची हे सांगणाऱ्या, बायनरीतल्या मार्गाचंही) तेच. बिल्ड फोल्डरमधून थेट उचललेल्या बायनरीत त्याच फोल्डरचा लायब्ररी-मार्ग राहू शकतो, म्हणून ती बनवणाऱ्याच्या मशीनवर बिनतक्रार चालते आणि बाकी सगळीकडे पडते. सीमेक इन्स्टॉलच्या वेळी हा बिल्डचा मार्ग काढून टाकतं. साध्या कॉपीला तो दिसतही नाही.

'दहा ओळी पुरतात.' २०११ मध्ये बंबलबी या लिनक्स प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये फोल्डर पुसण्याच्या आज्ञेत मार्गाच्या मधोमध एक स्पेस पडली होती. एका उपफोल्डरऐवजी वापरकर्त्यांचं अख्खं 'यूएसआर' फोल्डर (जिथे बहुतेक प्रोग्राम आणि लायब्ररी असतात) पुसलं गेलं. पॅकेज मॅनेजर (पॅकेज बसवणारा आणि काढणारा प्रोग्राम) मात्र स्वतः नोंदवलेल्या फायलीच काढतो. अपग्रेडमध्ये वापरकर्त्यानं बदललेली कॉन्फिग फाईल जपण्याची सोय डेब आणि आरपीएम दोघांतही आहे, पण ती कॉन्फिग फाईल आहे हे कुणीतरी जाहीर करावं लागतं. झिपला 'आधीची आवृत्ती' ही कल्पनाच नसते.

'डिपेन्डन्सी हातानं लिहू.' समजा तुम्ही नुसतं 'जीलिबसी हवी' असं लिहिलंत. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची पायाभूत सी लायब्ररी. एक्स८६-६४ (नेहमीच्या ६४-बिट पीसी) वर मेमकॉपी या साध्या फंक्शनची नवी आवृत्ती जीलिबसी २.१४ पासून आली. नव्या प्रणालीवर तिच्याशी जोडलेली बायनरी त्याहून जुन्या प्रणालीवर इन्स्टॉल होईल, पण सुरू होणार नाही. डेबियनचं डीपीकेजी-श्लिबडेप्स बायनरी वाचून, लागणाऱ्या सिम्बॉल्सवरून (लायब्ररीतल्या फंक्शनांच्या नावांवरून) किमान आवृत्ती ठरवतं. आरपीएमही अशा गरजा आपोआप काढतं. चालू असताना लोड होणारे प्लगइन किंवा बाहेरून बोलावलेले प्रोग्राम या साधनांना दिसत नाहीत. तेवढेच हातानं लिहावेत, आणि तेही ज्या टार्गेटला लागतात त्याच्या शेजारीच.

'आत फायली त्याच.' टारमध्ये फायलींची वेळ आणि मालक नोंदले जातात, क्रमही डिस्क देईल तसा येतो. त्यामुळे त्याच सोर्सपासून बनवलेल्या दोन टारचे हॅश (फाईलच्या मजकुरावरून काढलेले ठसे) जुळत नाहीत आणि बाहेरच्या कुणालाही पडताळणी करता येत नाही. मार्च २०२४ मध्ये उघड झालेला एक्सझेड युटिल्स या कॉम्प्रेशन साधनातला बॅकडोर (लपवलेला चोरदरवाजा) आठवा. आवृत्ती ५.६.० आणि ५.६.१ मध्ये दूषित चाचणी-फायली गिटमध्येही (सोर्सच्या उघड साठ्यातही) होत्या, पण त्यांना जागं करणारा बिल्ड स्क्रिप्टचा तुकडा फक्त प्रकाशित टारमध्ये होता. टार आणि गिट यांत फरक असणं इतकं सवयीचं झालं होतं की तो खटकला नाही. मॉड्यूलनं क्रम, मालक आणि वेळ पक्की करावी. वेळेसाठी 'सोर्स डेट इपॉक' हा ठरलेला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहेच.

कंटेनरच्या मुद्द्याला फार वेळ देत नाही. बहुतेक इमेजच्या (कंटेनर ज्यावरून चालतो त्या फायलींच्या संचाच्या) आत पॅकेज मॅनेजरच चालतो, आणि डेस्कटॉप ॲप, लायब्ररी किंवा ड्रायव्हर कंटेनरमधून देऊन भागत नाही. इमेज हा मॉड्यूलचा आणखी एक आउटपुट समजावा.

आता 'नसती उठाठेव'. एकच स्टॅटिक (लायब्ररी आतच सामावलेली) बायनरी स्वतःच्याच सर्व्हरवर टाकायची असेल तर स्क्रिप्ट चालेल. मॉड्यूल फायलींची यादी नव्यानं मागत असेल, तर त्याच्यावरची टीकाही रास्त आहे. त्यानं यादी इन्स्टॉलच्या नियमांतून घ्यावी आणि आवृत्ती एकाच जागेहून घेऊन प्रत्येक फॉरमॅटच्या नियमात बसवावी. '२.०-आरसी१' (अंतिमच्या आधीची चाचणी आवृत्ती) हे डेबियनच्या हिशेबात '२.०-१' (अंतिम आवृत्तीचं पॅकेज) पेक्षा नवं ठरतं, म्हणजे चाचणी आवृत्ती वापरणाऱ्याला अंतिम आवृत्ती पोचतच नाही. तिथे हायफनऐवजी टिल्डे (~) लागतं. विंडोज इन्स्टॉलर आवृत्तीचे पहिले तीनच आकडे बघतो, चौथा बदलला तरी त्याला ते अपग्रेड वाटत नाही. जिथे बसवणं शक्य नाही, तिथे मॉड्यूलनं गप्प न राहता बिल्ड थांबवावा. आणि पॅकेज तयार झाल्यावर ते कोऱ्या मशीनवर इन्स्टॉल करून, चालवून, मागच्या आवृत्तीवरून अपग्रेड करून आणि काढून बघण्याची पायरी त्याच मॉड्यूलमध्ये असावी, नाहीतर ती तपासणी वापरकर्त्यावर पडते.