झेनिथ आणि आमचं छत

जूनमधली दुपार, साडेबाराला पाचेक मिनिटं कमी. पुण्याहून आलेल्या भाच्याला म्हटलं, "चल छतावर, सावली गायब होते ते दाखवतो." तर म्हणे, "मामा, छत नाही, गच्ची. छत खालून दिसतं."

बरोबर आहे त्याचं. पण आम्हा इंदूरकरांची मराठी पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या शेजारी नांदतेय.

असो. उन्हात स्टीलचा उभा डबा ठेवला. सावली आक्रसत आक्रसत बुडाखाली गेली. सूर्य झेनिथला, म्हणजे आपल्या खस्वस्तिकावर, बरोब्बर डोक्यावरच्या बिंदूवर. इंदूर कर्कवृत्ताच्या जेमतेम दक्षिणेला, म्हणून हे आम्हाला वर्षातून दोनदा मिळतं. पुण्यात पहिली खेप मेच्या मध्यालाच होऊन जाते. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथल्यांच्या नशिबी हे नाहीच.

मग भाच्याला शब्दाची गोष्ट सांगितली. अरबीत 'सम्त अर्‌-रास', म्हणजे डोक्यावरची वाट. लॅटिनमध्ये जाताना त्यातलं 'सम्त' तेवढं उरलं, तेही 'सेम्त' होऊन. त्या काळच्या हस्तलिखितांत एमच्या तीन उभ्या रेघा, एनच्या दोन आणि आयची एक, तीही बहुधा बिनटिंबाची. कुणा नकलनविसाने एमचं 'एनआय' वाचलं आणि 'सेम्त'चं 'सेनित' झालं. तेच पुढे इंग्रजीत झेनिथ. १३९१ च्या सुमारास इंग्रज कवी चॉसरने ग्रहताऱ्यांचे वेध घ्यायच्या यंत्रावर, म्हणजे अ‍ॅस्ट्रोलेबवर लिहिलं त्यात हा शब्द आहे. एका वाचनचुकीला सगळ्या आकाशात सर्वांत वरची जागा मिळाली, आणि आम्ही 'छत' म्हटलं की पुणेकर हसणार!

त्याच 'सम्त'चं अनेकवचन 'सुमूत', त्यातून आला अ‍ॅझिमथ. आपण त्याला दिगंश म्हणतो, म्हणजे क्षितिजावरची दिशा अंशांत. उज्जैनला सवाई जयसिंगाच्या वेधशाळेत दिगंश यंत्र आहे, इथून तासा-दीड तासावर. कुणी आलं की आम्ही त्याला महाकालचं दर्शन घडवतो आणि सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या खाऊगल्लीत, खायला नेतो. वेधशाळा राहते ती राहतेच.

नादिरची गंमत आणखी वेगळी. भाच्याला वाटलं, नादिरशहाचा काही संबंध. अजिबात नाही, ते अक्षरच दुसरं. हा मूळचा 'नझीर', म्हणजे समोरचा, जोडीचा: झेनिथच्या बरोब्बर विरुद्ध, आपल्या पायांखालचा बिंदू. बेनझीरमधला नझीर हाच. आमच्याकडे कोर्टात वकील जुन्या निकालाची 'नजीर' देतात, तीही हीच. आणि आपली रोजची 'नजर' याच घराण्यातली. मराठीत या बिंदूला अधःस्वस्तिक म्हणतात. मला दोन्ही आवडतात.

जुलैच्या सुरुवातीला सूर्य परत डोक्यावर येईल, पण तेव्हा बहुतेक ढगच असतील. भाचा म्हणतो, पुढच्या जूनमध्ये येतो. ये म्हटलं, पण छतावरच जायचं.