पेशंट जेवतंय का?

मार्चमध्ये आई मोरीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं, आता ती काठी घेऊन चालते. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, अजून तिथेच दाखवायला जायचंय!

डिस्चार्जच्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टर राउंडला आले, "आज घरी" म्हणाले. आई वेणीफणी करून तयार. मग फाइल बिलिंगला, तिथून विम्याचं काम बघणाऱ्या टीपीएकडे, मग फार्मसीचा हिशेब. दर तासाला मी विचारायचं आणि त्यांनी "होतंय" म्हणायचं. डिस्चार्जची मागणी आल्यापासून विमा कंपनीने ३ तासांत मंजुरी द्यावी, असा नियम विमा नियामकाने २०२४ मध्ये केलाय. काउंटरवरच्या मुलाला तो ऐकवला, तर तो इतका गोड हसला की मीच ओशाळले. सहा वाजले. वाट बघायला आम्ही तयार होतो हो, पण नेमकं काय अडलंय ते तरी कुणी सांगायचं!

साडेसहाला एका मुलीने फॉर्म पुढे केला. सेवा कशी वाटली? रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे. मी सगळीकडे हसऱ्यावर खूण केली. टाके काढायला तिथेच यायचं होतं, आणि ती मुलगी समोरच उभी होती. रिसेप्शनमागे 'रुग्णसमाधान ९० टक्के' वगैरे पाट्या लागतात, त्या अशाच तयार होत असणार.

घरी आल्यावर आईला विचारलं, काय लक्षात राहिलं? एसी रूम नाही, जेवण नाही. म्हणाली, "ती रात्रीची मावशी." पहिल्या रात्री बेडपॅन मागायला आई लाजत होती. मावशीने पडदा ओढला आणि म्हणाली, "मी बाहेर उभी आहे आजी, झालं की हाक मारा." एवढंच.

आणि सर्जन? त्यांच्या हाताला गुण आहे, वादच नाही. पण रोज पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून मला विचारायचे, "पेशंट जेवतंय का? झोपलं का रात्री?" आईने तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. खुब्याच्या हाडापेक्षा ते नपुंसकलिंग तिला जास्त दुखलं असावं.

डॉक्टरांना वेळ नसतो, मान्य. २०१७ साली ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळेचा अभ्यास आला होता. प्राथमिक उपचारांच्या डॉक्टरकडे स्वीडनमध्ये एका रुग्णाला साडेबावीस मिनिटं मिळतात, भारतात दोनेक, बांगलादेशात ४८ सेकंद. पण 'जेवतंय'च्या जागी 'जेवलात का आजी' म्हणायला जास्तीचा एक सेकंदही लागत नाही.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत आदिवासींनाच विचारलं होतं, दवाखान्यात का येत नाही? तिथले लोक पांढरे कपडे घालतात, आम्ही पांढरं मढ्याला गुंडाळतो, हे एक उत्तर. नातेवाईकांना आत राहू देत नाहीत, हे दुसरं. मग शोधग्राम या त्यांच्या केंद्रात झोपड्यांसारखा दवाखाना उभा राहिला. घरची माणसं सोबत राहतात, नाव दंतेश्वरी देवीचं. आधी विचारलं म्हणून कळलं. पाच चेहऱ्यांच्या फॉर्मवर हे उत्तर कधीच आलं नसतं.

उलटी बाजूही आहे. रुग्ण खूश म्हणजे उपचार बरोबरच, असं नाही. आमच्या गावाकडे सलाईन लावलं नाही तर "डॉक्टरला काही येत नाही" म्हणतात. २०१२ साली अमेरिकेतल्या ५० हजारांहून अधिक लोकांच्या एका अभ्यासात सगळ्यात समाधानी रुग्णांचा खर्च जास्त निघाला आणि मृत्यूचं प्रमाणही. त्यामुळे मागेल ते द्या, असं माझं म्हणणं मुळीच नाही. गरज नसेल तेव्हा नाही म्हणा, पण माझ्याकडे नको, आईकडे बघून म्हणा.

टाके काढायला गेलो तेव्हा आईने बेसनलाडवांचा डबा घेतला होता. मावशी रात्रपाळीला, त्यामुळे भेट झाली नाही. डबा सिस्टरकडे दिला. चिठ्ठीवर आईने वळणदार अक्षरात 'सौ.' लिहिलं आणि तिचं पेन थांबलं. सात रात्रींत तिचं नाव आम्हीही विचारलं नव्हतं.