मॉन्टी फक्त मैत्री करत होता

ज्या कुत्र्याने माझी थालीपिठे खाल्ली त्याची प्रकृती उत्तम आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. कारण गेल्या रविवारपासून ज्याला ज्याला मी ही हकीकत सांगितली, त्याने आधी त्याचीच चौकशी केली. मी उपाशी राहिलो, याची चौकशी अद्याप कोणीही केलेली नाही.

प्रसंग घडला तो इंग्लंडातील बकिंगहॅमशायर परगण्यातल्या बर्नहॅम बीचेस या वनात. आम्ही राहतो त्या स्लाउपासून हे वन मोटारीने अगदी जवळ आहे, पण तिथे पोचल्यावर विमानांचा आवाज सोडला तर स्लाउची कोणतीही खूण उरत नाही. ऑक्टोबरात बीच नावाच्या वृक्षांची पाने तांबूस होतात, ऊन त्यांच्यातून गाळून खाली येते, आणि माणसे आपोआप हळू आवाजात बोलू लागतात. तिथले जुने बीच आणि ओक मात्र सरळसोट नाहीत. बुंधे बुटके, पोकळ आणि गाठाळ, आणि त्यांच्या माथ्यावरून एकदम जाडजूड फांद्यांचा पसारा. पूर्वी जळणासाठी या झाडांच्या फांद्या ठराविक वर्षांनी तोडत असत. पण झाड बुंध्याशी तोडले तर नवे कोवळे धुमारे गुरे खाऊन टाकणार, म्हणून गुरांचे तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर ते छाटायचे, अशी पद्धत होती. पुढे दगडी कोळसा सर्वत्र मिळू लागला, छाटणी थांबली आणि ती झाडे त्याच आकारात म्हातारी झाली. जनावरांच्या तोंडापासून जे वाचवायचे ते उंचावर ठेवावे, एवढे शहाणपण या वनात शेकडो वर्षांपूर्वीपासून आहे. आमचा डबा बाकावर होता.

कुत्रा आला तो तळ्याच्या दिशेने, आणि तळ्याचा बराचसा भाग अंगावर घेऊन आला. तपकिरी रंगाचा, धष्टपुष्ट लॅब्रॅडॉर. त्याने पुढचे दोन्ही पाय माझ्या जॅकेटवर ठेवून छातीवर चिखलाची मोहोर उमटवली, आणि मी ती पाहत असताना तोंड डब्यात घातले. तिथे त्याने जी एकाग्रता दाखवली, ती आमच्या घरी त्या थालीपिठांना कधी लाभलेली नाही.

"घाबरू नका! तो फक्त मैत्री करतोय!" झाडांपलीकडून आवाज आला.

मी घाबरलो नव्हतो. मला भूक लागली होती. पण इंग्लंडातील कुत्र्यांच्या मालकांना समोरच्या माणसाच्या ठायी भीती ही एकच भावना असू शकते असे वाटते, आणि तिच्यावरचे हे वाक्य त्यांच्यापाशी तयार असते. त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्य येते, तसे ते आलेच: "एरवी तो असं कधीच करत नाही!" या देशात मला भेटलेल्या प्रत्येक कुत्र्याने जे काही केले, ते आयुष्यात प्रथमच केलेले होते. माझ्यात असे काय आहे की ज्यामुळे इतकी सुसंस्कृत जनावरे बिघडतात, याचा शोध एकदा घ्यायला हवा.

बाई प्रकट झाल्या. वय साठीच्या पुढचे, मेणकापडाचा हिरवा कोट, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि कुत्र्याच्या गळ्यात असायला हवा तो पट्टा स्वतःच्या गळ्यात उपरण्यासारखा टाकलेला. त्या आता क्षमा मागतील, मी "असू द्या, असू द्या" म्हणेन आणि मग घरी जाऊन मनसोक्त चिडेन, असा सगळा क्रम माझ्या मनात तयार होता. बाईंनी रिकामा डबा पाहिला आणि विचारले, "यात काय होतं?"

"आमचं जेवण," मी म्हणालो.

"ते कळलं. पण त्यात काय काय होतं? त्याचं पोट फार नाजूक आहे."

मी सांगितले की तो भाकरीसारखा एक पदार्थ असतो. कशाचा, असे त्यांनी विचारले. भाजणीचा, असे मी सांगितले. भाजणी म्हणजे काय, हा प्रश्न येणार हे मला समजायला हवे होते, पण उपाशी माणसाची बुद्धी मंद चालते. मग त्या चारशे वर्षांच्या झाडांखाली उभा राहून मी ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे आणि जिरे यांची इंग्रजी नावे आठवू लागलो, आणि बाई ती फोनवर टिपून घेऊ लागल्या. बाजरीचे इंग्रजी नाव मला आठवेना. "पक्ष्यांना घालतात ते," असे मी म्हणालो, तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर आमच्या खाण्यापिण्याविषयी प्रथमच कणव दिसली.

"अहो, मेथी राहिली," पत्नी म्हणाली. तिला अर्धवट कृती सांगितलेली खपत नाही. "आणि लोणी होतं ते सांगा. आणि कांदा."

"कांदा?" बाईंनी फोन खाली केला. "तुम्ही मॉन्टीला कांदा दिलात?"

"मी दिला नाही," मी म्हणालो. "त्यानं घेतला."

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो आणि आजही वाटतो, परंतु तिथे तो कोणाच्याही कानांवर पडला नाही. कांदा आणि लसूण कुत्र्याला बाधतात. कच्चे असोत वा शिजवलेले, त्यांच्यामुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होऊ लागतात, आणि त्याची लक्षणे कधी कधी काही दिवसांनी दिसतात. ही माहिती खरी आहे, मी घरी येऊन पडताळून पाहिली. बाईंनी ती मला ज्या स्वरात दिली, त्या स्वरात आपल्याकडे पोलीस ठाण्यात जबाब घेतात. डब्याच्या कोपऱ्यात लसणाची चटणी होती, हे मी स्वतःहून सांगितले नाही, पत्नीने सांगितले.

त्यानंतर त्या शांत वनात जनावरांच्या डॉक्टरांच्या रविवारच्या तातडीच्या सेवेला दूरध्वनी गेला आणि तो सर्वांना ऐकू येईल अशा रीतीने लावण्यात आला. पलीकडच्या मुलीने पदार्थाचे नाव विचारले. मी ते सांगितले. तिने स्पेलिंग विचारले. मी एकेक अक्षर सांगत असताना मॉन्टी माझ्या बोटांना लागलेले लोणी चाटत होता आणि बाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवीत "बिचारा, बिचारा गं माझा" अशा अर्थाचे काहीतरी म्हणत होत्या. एकूण कांदा किती, असा प्रश्न आला. इथे पत्नीने फोनजवळ जाऊन हिशेब दिला: एका मध्यम कांद्यात तीन थालीपिठे, पैकी दोन आणि तिसऱ्याचा अर्धा भाग कुत्र्याने खाल्ला, उरलेला अर्धा त्याच्या पायाखाली आहे. मुलीने कुत्र्याचे वजन विचारले आणि एवढ्या वजनाला हे प्रमाण फारसे चिंतेचे नाही, फक्त उलट्या, मरगळ, फिक्या पडलेल्या हिरड्या याकडे काही दिवस लक्ष ठेवा, असे सांगितले. तिने माझ्या हिरड्यांविषयी काही विचारले नाही.

आता खरे तर प्रकरण मिटले होते. पण माझी नजर बाईंच्या मागच्या फलकावर गेली. 2014 पासून या वनाच्या बऱ्याच भागांत कुत्रा पट्ट्याला बांधूनच फिरवावा असा नियम आहे, आणि आम्ही त्याच भागात बसलो होतो. मी अत्यंत नम्रपणे फलकाकडे बोट केले. बाईंनी वळून तो वाचला, जणू तो त्या सकाळीच उगवला होता, आणि म्हणाल्या, "हो, पण ते शिकवण नसलेल्या कुत्र्यांसाठी आहे."

या वनात चरायला गाईही सोडतात. त्यांच्या गळ्यात एक पट्टा असतो, तो उपग्रहांच्या मदतीने त्यांचे ठिकाण ओळखतो. नकाशावर आखलेल्या अदृश्य हद्दीजवळ गाय गेली की त्यातून सूर निघतो, आणि तरीही ती पुढे गेली तर हलकासा विजेचा झटका बसतो. बहुतेक गाई नुसता सूर ऐकून मागे वळतात. कुंपण नाही, फलक नाही, वाचता येत नाही, तरी त्या नियम पाळतात. हे मी बाईंना सांगितले नाही, कारण मी गाईचा दाखला दिला की ते धर्माचे प्रकरण समजले जाण्याचा संभव असतो.

"तुम्ही स्लाउहून आलात का?" बाईंनी विचारले.

प्रश्न साधा आहे असे ज्यांना वाटते, ते बकिंगहॅमशायरच्या या टोकाला राहिलेले नाहीत. स्लाउ शेजारच्या बर्कशायर परगण्यात मोडते. तिथे कारखाने, गोदामे, संगणकवाले आणि आम्ही असतो. हो म्हणालो, तेव्हा त्या सगळे समजल्यासारखी मान हलवून म्हणाल्या, "आम्ही तीस वर्षं इथं येतोय. लोक असले पदार्थ घेऊन येतात हे नवीनच आहे." परगण्यांच्या 1974 च्या फेररचनेपर्यंत स्लाउ हे बकिंगहॅमशायरमध्येच होते; हे उत्तर मला गाडीत बसल्यावर सुचले. त्याहून चांगले उत्तर रात्री सुचले. हे वन 1880 मध्ये लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने विकत घेतले ते, इथे श्रीमंतांचे बंगले उठण्याचा धोका होता म्हणून. शहरापासून पंचवीस मैलांच्या आतली मोकळी जमीन घेऊन ती लोकांसाठी कायम राखण्याचा अधिकार 1878 च्या कायद्याने त्यांना मिळाला होता. लोकांसाठी, म्हणजे गर्दीच्या वस्त्यांत राहणाऱ्यांनी रविवारी इथे येऊन शांतपणे बसावे यासाठी. बाकावर बसून डबा खाणारा स्लाउकर हा या वनातला पाहुणा नसून त्याचे प्रयोजन आहे, असे मी रात्री अकरा वाजता छताला सुनावले.

तिथल्या तिथे हे का सुचले नाही, असे पत्नीने विचारले. सुचले असते तरी बोललो नसतो. निर्जन वनात, एकट्या वृद्ध बाईंसमोर, माझ्या रंगाच्या आणि उंचीच्या माणसाने आवाज थोडा जरी चढवला असता, तर पुढच्या मिनिटाला गोष्ट कुत्र्याची राहिली नसती. बाईंनी चिडायचे आणि मी हसायचे, हे वाटप आम्ही दोघांनी न बोलता मान्य केलेले होते. अशा वेळी चेहऱ्यावर धरून ठेवलेले हसू संध्याकाळपर्यंत जबड्यात दुखते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, निघताना मी "सॉरी" म्हणालो. बाई "काही हरकत नाही" म्हणाल्या.

त्यांनी मला आणखी एक गोष्ट समजावली: हे वन निसर्गाचे आहे, इथे बाहेरचे काही आणून टाकू नये. त्या हे बोलत असताना त्यांच्या डोक्यामागे हॉलीच्या फांदीला एक छोटी काळी पिशवी लटकत होती. कोणाची होती ते मला ठाऊक नाही आणि मी आरोप करत नाही. पण कुत्र्याची विष्ठा वाकून उचलायची, पिशवीत भरायची, पिशवीला नीट गाठ मारायची, आणि एवढे सगळे पुण्यकर्म करून झाल्यावर ती झाडाला टांगून निघून जायचे, हा विधी या देशाच्या रानावनात जिथे जावे तिथे दिसतो. नुसती पडली असती तर निदान कुजली तरी असती. मी थालीपिठाचा पायदळी गेलेला अर्धा भाग कागदात गुंडाळून खिशात घातला, आणि बाईंनी कोटाच्या खिशातून बिस्कीट काढून मॉन्टीला दिले, कारण त्याच्यावर फारच ताण आला होता.

जाताना त्यांनी माझा नंबर मागून घेतला. मला वाटले, डबा किंवा निदान जॅकेट धुण्याचा खर्च देण्याचा विचार असेल. बुधवारी निरोप आला: मॉन्टी एकदम ठीक आहे, हिरड्या गुलाबी आहेत, तुम्ही काळजी करत असाल म्हणून कळवले, कृपया मनाला लावून घेऊ नका. थालीपिठांविषयी त्यात एक अक्षर नव्हते. मी कडक उत्तराचा मसुदा तयार करत होतो, तेवढ्यात चहा टाकायला उठलो, आणि पत्नीने माझ्या फोनवरून जोडलेले हात, एक हृदय आणि एक कुत्रा अशी तीन चिन्हे पाठवून दिली. मी ती पुसेपर्यंत बाईंनी पाहिली होती.