मांडीवरच्या खळ्या म्हणजे 'साठलेलं विष' नव्हे

माझी भाची अकरावीत आहे. पाचवीपासून पोहते. या उन्हाळ्यात तिने पोहायला जाणं एकाएकी बंद केलं. आधी म्हणाली अभ्यास आहे, मग म्हणाली कंटाळा आला. शेवटी एका रात्री मोबाइल माझ्यापुढे धरून तिने विचारलं, "मावशी, हे खरं आहे का गं?"

आमच्याच घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज होता. त्यात लिहिलं होतं: "मांड्यांवर खळ्या पडतात त्याला सेल्युलाइट म्हणतात. हे शरीरात साठलेलं विष आहे. पाणी कमी पिणाऱ्या, चहा आणि बाहेरचं खाणाऱ्या जाड बायकांना ते होतं. आपल्या आजी-पणजीला हा रोग माहीत नव्हता. कॉफी आणि एरंडेल एकत्र करून 21 दिवस चोळा, विष बाहेर पडेल. सेल्युलायटिस झाला असेल तरी हाच उपाय."

भाचीचं वजन पन्नास किलोही नाही. पाणी भरपूर पिते. तरी आरशात पाठमोरी उभी राहिल्यावर तिला मांडीवर खळ्या दिसल्या आणि आपल्या अंगात काहीतरी घाण साठली आहे असं तिच्या मनाने घेतलं. म्हणून या मेसेजचं प्रत्येक वाक्य तपासायचं ठरवलं.

"हे साठलेलं विष आहे." सगळा मेसेज या एका वाक्यावर उभा आहे, आणि हेच वाक्य साफ चुकीचं आहे. आपल्या त्वचेखाली चरबीचा थर असतो. ही चरबी सलग पसरलेली नसते, तिचे छोटे छोटे पुंजके असतात. त्या पुंजक्यांच्या मधून चिवट तंतूंचे पडदे खालच्या स्नायूंवरच्या आवरणापासून वर त्वचेपर्यंत गेलेले असतात. कापसाची गादी आठवा. पिंजारी गादीला जागोजागी टाके घालतो; जिथे टाका तिथे खड्डा, आणि दोन टाक्यांच्या मधला कापूस फुगून वर येतो. मांडीवर नेमकं हेच घडतं. तंतू त्वचेला खाली ओढून धरतात, मधली चरबी वर दाटते. न्यूर्नबर्गर आणि म्युलर या जर्मन संशोधकांनी 1978 साली याचा सविस्तर अभ्यास मांडला, तेव्हा त्यांनीही या दिसण्याला गादीचंच नाव दिलं होतं. ब्राझीलच्या त्वचारोगतज्ज्ञ डोरिस हेक्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एमआरआय करून पाहिलं, तर तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक खळीखाली असा तंतूंचा पडदा सापडला.

याचा पडताळा घरीच घेता येतो. बऱ्याच जणींच्या खळ्या उभं राहिल्यावर दिसतात आणि आडवं झाल्यावर नाहीशा होतात. काहींना तर त्वचा चिमटीत धरल्याशिवाय दिसतही नाहीत. डॉक्टर याच्या पायऱ्या ठरवतात त्या याच खुणांवरून. साठलेलं विष असतं, तर पलंगावर पाठ टेकताच ते कुठे गेलं असतं?

चरबीत काहीच साठत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. डीडीटी या कीटकनाशकासारखी काही रसायनं चरबीत विरघळतात आणि शरीरात वर्षानुवर्षं राहतात. पण ती पुरुषांच्या चरबीतही असतात, पोटाच्या चरबीतही असतात. त्यांनी मांडीवर खळ्या पडत नाहीत, आणि चोळून ती बाहेरही येत नाहीत. नको असलेलं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. पाणी जरूर प्या, तहान लागली म्हणून प्या.

"जाड बायकांना होतं." वयात आलेल्या स्त्रियांपैकी साधारण 80 ते 90 टक्के स्त्रियांना थोडंफार सेल्युलाइट असतं. त्यात बारीक मुली आहेत, धावपटू आहेत, रोज शेतात राबणाऱ्या बायकाही असणारच. वजन वाढलं की चरबीचे पुंजके फुगतात आणि खळ्या ठळक होतात, एवढं खरं. पण वजन उतरवल्यावर काहींच्या खळ्या कमी होतात, तर काहींच्या उलट वाढतात, कारण त्वचा सैल पडते. आणि मग जाड पुरुषांच्या मांड्यांवर त्या का नसतात? पुरुषांची त्वचा जाड असते आणि तिच्याखालचे तंतू तिरपे, एकमेकांना छेदत जाळीसारखे विणलेले असतात. बायकांचे बरेचसे उभे असतात. पुढच्या अभ्यासांत हे चित्र इतकं सरळसोट नाही असं दिसलं, पण स्त्री-पुरुषांच्या ठेवणीतला फरक टिकून राहिला. ज्या पुरुषांत पुरुषी संप्रेरक (हॉर्मोन) जन्मतः कमी असतं, किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ज्यांना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिलेलं असतं, त्यांच्यात मात्र अशा खळ्या दिसू शकतात. म्हणजे दोर संप्रेरकांच्या हाती आहे.

म्हणूनच हे पाळी सुरू होण्याच्या वयात दिसू लागतं. इस्ट्रोजेनमुळे कंबरेखाली चरबी साठते; गरोदरपण आणि अंगावर पाजणं यासाठी शरीर तो साठा करून ठेवतं. पुढे वय वाढतं तशी त्वचा पातळ होते, तिला घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन हे प्रथिन कमी होतं आणि आतली ठेवण वरून जास्त दिसते. आईकडून मुलीकडेही हे येतं. रक्ताभिसरण आणि सूज यांचा यात किती हात आहे, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. माझ्या भाचीचं शरीर बाईचं होत होतं, आणि एवढ्याच गोष्टीला त्या मेसेजने घाण म्हटलं. याचा मला संताप आला, अजून येतो.

"आजी-पणजीला हा रोग माहीत नव्हता." रोगाचं नाव माहीत नव्हतं, हे खरं. आजीच्या मांड्या लुगड्याखाली असत. रुबेन्स या चित्रकाराने 1630च्या दशकात काढलेलं तीन देवतांचं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यातल्या तिघींच्या मांड्या पाहा, खळ्या स्पष्ट दिसतात. 'सेल्युलाइट' हा शब्द फ्रेंच वैद्यकातून आला. तिथल्या सौंदर्यविषयक मासिकांनी तो 1930च्या दशकात उचलला आणि 1968 मध्ये 'व्होग' या फॅशन मासिकाने अमेरिकेत नेला. मग उपाय विकणाऱ्यांची रांग लागली. वर सांगितलेल्या दोघांनी 1978च्या त्या शोधनिबंधाच्या मथळ्यातच त्याला 'कल्पिलेला रोग' म्हटलं आहे.

"21 दिवस चोळा." चोळल्यावर रक्तप्रवाह वाढतो, त्वचा किंचित फुगते, कॉफीतल्या कॅफिनने थोडा वेळ घट्टही वाटते. काही तासांनी मांडी होती तशीच. टाका खोल आहे, तेल वरच्या वर राहतं. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अमिनोफायलिन या कॅफिनच्याच जातीच्या औषधाचं क्रीम 12 आठवडे लावून पाहिलं, तरी फरक पडला नाही. डॉक्टर सुईसारख्या हत्याराने तंतूच कापतात तेव्हा ती खळी वर येते, म्हणजे कारणही तिथेच आहे. तंतू विरघळवणारं एक इंजेक्शन अमेरिकेत 2020 मध्ये मंजूर झालं होतं. काळे-निळे वळ आणि त्वचेवर राहणारे डाग यांमुळे कंपनीने 2022 च्या अखेरीस त्याची विक्री थांबवली.

राहिलं शेवटचं वाक्य, आणि ते जिवावर बेतणारं आहे. सेल्युलायटिस आणि सेल्युलाइट ही नावं सारखी वाटतात, पण सेल्युलायटिस हा त्वचेखालचा जिवाणूंचा संसर्ग आहे. बहुधा एकाच पायावर त्वचा लाल होते, गरम लागते, सुजते, दुखते. कधी थंडी वाजून ताप येतो. लाली भराभर पसरते. त्याला अँटिबायोटिक लागतं, आणि मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नये. अशा पायावर खरखरीत कॉफी घासणं म्हणजे जखमा करून घेणं. दोन्ही पाय सारखेच जाड होत गेले, दाबल्यावर दुखतात, साध्या धक्क्याने काळे-निळे होतात, पण पावलं मात्र नेहमीसारखीच आहेत, असं असेल तर तो लिपिडीमा हा चरबीचा वेगळा आजार असू शकतो. तोही डॉक्टरांनाच दाखवायचा असतो.

हे सगळं मी त्याच ग्रुपवर टाकलं आहे. ज्या काकूंनी तो मेसेज पाठवला होता त्यांना फोनही केला, कारण त्यांना मधुमेह आहे आणि त्यांचा डावा पाय गेल्या आठवड्यात सुजला होता.