अनधिकृत चरित्र आणि सीमाभागाची पेन्सिल

गवयाचं चरित्र घरच्यांना न विचारता लिहिलेलं असेल, तर मी ते मागच्या बाजूनं सुरू करतो. आधी ऋणनिर्देश. त्यात मुलं, शिष्य, साथीचा तबलजी यांतलं कुणीच नाही आणि आभार फक्त प्रेसवाल्याचे, म्हणजे पुढं काय वाढून ठेवलंय ते कळलं. मग फोटो. शाल, श्रीफळ, मंत्री. गवई कडेला अर्धा कापलेला. पत्र एकही नाही, ती सगळी घरच्यांच्या ट्रंकेत.

आता पेन्सिल घ्यायची. ‘असे म्हणतात’ आणि ‘निकटवर्तीयांच्या मते’ यांखाली रेघ, संवादांवर फुली. भीमसेन जोशी अकराव्या वर्षी गुरू शोधायला घरातून पळाले, बिनतिकीट फिरले, हे जगजाहीर आहे. पण टी.सी. त्यांना काय म्हणाला ते चार पानं अवतरणचिन्हांत? चरित्रकार कुठल्या बाकावर बसले होते म्हणे?

कुमार गंधर्वांना क्षय झाला, देवासला काही वर्षं गाणंच बंद. नोंदी कमी त्या वर्षांच्या, म्हणून प्रकरण जाड त्याच वर्षांचं. आमच्याकडं बेळगावात कुंद्याच्या मिठाईला दूध आटवतात; ही मंडळी पाणी ओततात.

78 आरपीएमच्या तबकडीची एक बाजू सव्वातीन-साडेतीन मिनिटांत संपते. 1935 च्या ‘रेकॉर्डवर अर्धा तास रंगलेला’ राग दिसला, की तबकड्या कोण उलटत होतं तेवढं समासात विचारून ठेवावं.

पण खरी मजा भूगोलात, आणि तिथं आम्हा बेळगावकरांचा हात कोण धरणार! कुमारांचा जन्म 1924 चा, इथल्याच सुळेभावीचा. तो ‘कर्नाटक राज्यातील बेळगावी जिल्ह्यात’ छापला, की समजायचं, लेखकानं मोबाईलवरून उतरवलंय. तेव्हा हा मुंबई इलाखा. 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हा म्हैसूर राज्यात घातला, त्या राज्याचं कर्नाटक झालं 1973 ला, आणि बेळगावचं बेळगावी 2014 ला. गदग जिल्हा तर 1997 चा. त्यात 1922 साली भीमसेन जन्मले असतील, तर तो आकाशवाणीपेक्षा मोठा चमत्कार. सीमाप्रश्न कोर्टात सुटेल तेव्हा सुटेल, प्रूफं तपासायला मात्र त्यानं आम्हाला घरबसल्या तयार केलंय.

एवढ्या रेघा, एवढ्या फुल्या मारून उरतं ते गुरुबंधूंच्या भांडणाचं प्रकरण. तारीख नाही, साक्षीदार नाही, सगळं सांगोवांगी. ते वाचताना पेन्सिल कानावर ठेवायची आणि दार लावून घ्यायचं.