कट्टा म्हणजे अड्डा नव्हे

गप्पांच्या जागांवरच्या एका लेखात कट्टा, अड्डा, पार आणि चावडी एकाच माळेत ओवलेत, ते काही पटलं नाही. बंगालीत अड्डा म्हणजे निवांत गप्पांची मैफल, पण मराठीत हा शब्द आला की पुढे जुगार नाहीतर दारू ठरलेलीच. 'आमचा अड्डा' असं मित्र म्हणतात ते थट्टेने, त्या बदनामीची मजा घेत.

चावडी तर मुळात गप्पांसाठी नव्हतीच! पाटील-कुलकर्ण्यांचा कारभार, सारावसुली, तंटे तिथे चालायचे. आजही सातबारा गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचतात, त्याला चावडी वाचनच म्हणतात. गप्पा रंगायच्या त्या वडा-पिंपळाच्या पारावर. अर्थात पुरुषांच्या. बायकांचा कट्टा म्हणजे पाणवठा, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही.

कट्टा मुळात नुसता बांधलेला ओटा. कन्नडमध्ये ओट्याला 'कट्टे' म्हणतात आणि 'कट्टु' म्हणजे बांधणे, त्यामुळे नातं तिकडचं असावं असं मला वाटतं. शिवाजी पार्कचा कट्टा खरोखरच दगड-सिमेंटचा आहे, टेकायला जागा आहे. आता मात्र साहित्य कट्टा, कवी कट्टा, टीव्हीवरचा कट्टा. सगळे खुर्च्यांवर, वर सूत्रसंचालक! वेळ ठरवून, माईक लावून बसतात त्याला सभा म्हणा की सरळ.

(उत्तर भारतात मात्र हा शब्द जपून वापरा. तिकडे कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल.)