ताप उतरला याचं श्रेय गोळ्यांना देऊ नका

पाऊस सुरू झाला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होमिओपॅथीच्या गोळ्यांचा तोच मेसेज फिरायला लागतो. अंगदुखीला रस टॉक्स, भिजून सर्दी झाली तर डल्कामारा, जुलाबाला पोडोफायलम, डेंग्यूला युपॅटोरियम. खाली ठरलेलं वाक्य: साईड इफेक्ट काहीच नाहीत. ते वाचलं की माझं डोकं फिरतं.

गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावाला सणकून ताप आला. डोळ्यांच्या मागे ठणका, हाडं मोडल्यासारखं अंग. रक्त तपासून घेऊ म्हणून मी पहिल्याच दिवशी मागे लागले. आत्या म्हणाली, "अगं, व्हायरल असेल, लगेच सुया कशाला टोचायच्या?" तिच्या ओळखीच्या होमिओपॅथकडून गोळ्या आल्या, दर दोन तासांनी चार-चार. दुसऱ्या दिवशी ताप आणखी चढला, तर म्हणे आजार बाहेर पडतोय, चांगलं लक्षण आहे. ताप चढला तरी औषध लागू पडलं, उतरला तरी लागू पडलं! मग लागू पडलं नाही हे कळायचं कधी?

पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. आत्या म्हणाली, "बघ, गुण आला की नाही?" संध्याकाळी त्याच्या पोटात कळा यायला लागल्या, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले. डेंग्यूच होता. आणि डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप खाली येतो आणि नेमक्या त्याच २४ ते ४८ तासांत काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, बेचैनी, यातलं एक जरी दिसलं तरी थेट हॉस्पिटल गाठायचं असतं. पहिल्या दिवसांतच डेंग्यू ओळखणारी एनएस-वन ही रक्ततपासणी झाली असती तर आम्ही डोळ्यांत तेल घालून बसलो असतो. आम्ही मात्र आनंदात होतो. सलाईन वेळेवर लागलं म्हणून भाऊ वाचला. आत्या अजूनही सांगते, गोळ्यांनी ताप तरी उतरवला. अहो, तो उतरणारच होता!

या गोळ्यांच्या नावापुढे लिहिलेली 'थर्टी पोटेन्सी' म्हणजे काय, हे तरी विचारा कधी. एकास शंभर असं पातळ करायचं, आणि ते तीस वेळा. बाराव्या वेळेच्या आसपासच मूळ पदार्थाचा रेणू उरण्याची शक्यता जवळपास संपते, त्यापुढे नुसतं पाण्यात पाणी. १७९६ मध्ये हानेमान या जर्मन डॉक्टरांनी होमिओपॅथीची मूळ कल्पना मांडली तेव्हा तापाच्या रोग्याचं रक्त काढायची पद्धत होती, त्यापेक्षा यात इजा कमी, हे मी मान्य करते. होमिओपॅथ तासभर शांतपणे ऐकून घेतात आणि इतर दवाखान्यांत दोन मिनिटांत बाहेर काढतात, हेही खरं आहे, आणि त्याचाही मला तितकाच राग येतो. पण ऐकून घेतल्याने मलेरियाचे जंतू मरत नाहीत. फॅल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार एका दिवसात गंभीर होऊ शकतो. साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोला वेळेत अँटिबायोटिक लागतं. साधी सर्दी आपोआप जाते, तिला काय हवं ते घ्या. पण हे ताप पहिल्या दिवशी सारखेच दिसतात, हेच कुणी लक्षात घेत नाही. मलेरिया आणि लहान मुलांचे जुलाब यांवर होमिओपॅथीच्या भरवशावर राहू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच बजावलं होतं.

आणि काल चुलत वहिनींनी ग्रुपवर विचारलं, दहा महिन्यांच्या बाळाला सकाळपासून सात वेळा जुलाब झालेत, काय देऊ? पाच मिनिटांत तीन जणांनी गोळ्यांची नावं टाकली. ओआरएस हा शब्द एकानेही लिहिला नाही. मी तडक फोन लावला: वहिनी, अंगावरचं दूध सुरू ठेवा, ओआरएस चमच्या-चमच्याने पाजत राहा, आणि गोळ्यांची वाट न बघता बाळाला आत्ताच डॉक्टरांकडे न्या. त्या निघाल्या. ग्रुपवर माझ्या नावाने बोटं मोडणं सुरू आहे. खुशाल मोडा.